रोटेटर कफ शिवता येणार नाही म्हणतात : ग्राफ्ट मांडीतला घ्यावा की विकतचा?

तासगावची_लेक
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांसाठी विचारतेय. वय ६२, द्राक्षबागायतदार, दुखतो तो उजवा हात. मागच्या फळछाटणीच्या दिवसांत ट्रॉलीवरून उतरताना तोल गेला आणि हातावर पडले. हंगाम अंगावर होता, त्यामुळे मालिश, गोळ्या आणि एका इंजेक्शनवर दिवस काढले. आता हात खांद्याच्या वर जातच नाही. डाव्या हाताने उजवा उचलून मांडवाच्या तारेला टेकवतात आणि मग कात्री चालवतात. बघवत नाही.

एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस पूर्ण तुटून आत ओढला गेलाय, इन्फ्रास्पायनेटस अर्धवट, सबस्कॅप्युलॅरिस शाबूत. सुप्रास्पायनेटसपुढे 'गुटालिये ३' लिहिलंय. मिरजेचे डॉक्टर म्हणतात मांडीतली पट्टी काढून ती ग्राफ्ट म्हणून खांद्यात बसवू. पुण्याचे म्हणतात मांडी कशाला कापता, परदेशातून येणारा त्वचेचा तयार पॅच मिळतो. तिसरे म्हणतात साठी उलटलीय, सरळ रिव्हर्स सांधा (गोळा आणि वाटी यांची जागा उलटी केलेला कृत्रिम सांधा) बसवा. अण्णांचं म्हणणं, "दुखतोय खांदा, मांडीला हात लावायचा नाही."

ज्यांनी हे करून घेतलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चहा_बिनसाखरेचा
वाचतोय. मामांचंही हेच चाललंय. अण्णांना नमस्कार सांगा.

गिरणगाव
मला मुळात एक कळत नाही. तुटलंय तर शिवून टाकायचं. ग्राफ्ट हवाच कशाला?

डॉ_अस्थिपंजर
मी हाडांचा डॉक्टर आहे, खांद्याच्या शस्त्रक्रिया करतो. पेशंट न तपासता सल्ला देणार नाही, पण प्रश्न नीट कळावा म्हणून लिहितो.

रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या गोळ्याला चिकटलेल्या चार स्नायूंच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) : वर सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. हात उचलताना डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा बाहेरचा मोठा स्नायू, गोळ्याला वर खेचतो आणि कफ त्याला वाटीत दाबून धरतो. कफ गेला की दाबून धरणारं कोणी उरत नाही. गोळा वर सरकतो, वरच्या हाडाला घासतो आणि हात उठत नाही.

@गिरणगाव, ताज्या फाटीला शिवणं हाच उपाय. पण महिनोन्महिने गेले की कंडरा आखडून आत जाते आणि स्नायूत चरबी भरते. ही चरबी मोजायची पद्धत फ्रेंच डॉक्टर गुटालिये यांनी १९९४ मध्ये दिली. ३ म्हणजे निम्मा स्नायू, निम्मी चरबी. ४ म्हणजे स्नायूपेक्षा चरबी जास्त. असली कंडरा ओढून आणून शिवली तरी टाके धरत नाहीत, आणि धरले तरी स्नायूत जोर नसतो.

इथे जपानमधल्या ओसाकाच्या डॉ. तेरुहिसा मिहाता यांनी वेगळा रस्ता काढला. मेलेल्या स्नायूला ग्राफ्ट जोडण्यापेक्षा वाटीच्या वरच्या काठापासून गोळ्याच्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे हाडापासून हाडापर्यंत, एक जाड पट्टी बसवायची. ती गोळ्याला वर सरकू देत नाही. उरलेले स्नायू आणि डेल्टॉइड मग आपलं काम करू शकतात. याला सुपीरियर कॅप्सूल रिकन्स्ट्रक्शन म्हणतात, थोडक्यात एससीआर. दुर्बिणीतून होतं. २०१३ मध्ये त्यांनी २३ पेशंटच्या २४ खांद्यांचे निकाल छापले. हात सरासरी ८४ अंशांपर्यंत उठायचा तो १४८ पर्यंत गेला, आणि २४ पैकी २० खांद्यांत पट्टी किंवा कफ पुन्हा फाटला नाही. ती पट्टी मांडीच्या बाहेरच्या बाजूची होती, फॅशिया लाटा म्हणजे स्नायूंवरचं चिवट आवरण, घड्या घालून ६ ते ८ मिलिमीटर जाड केलेली.

तुमच्या मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत हीच. पुण्याच्या डॉक्टरांचीही तीच, पट्टीचा माल तेवढा वेगळा.

डॅलसची_वर्षा
मी तो विकतचा पॅच लावून घेतलाय, डावा खांदा. मृत दात्याची त्वचा असते, प्रक्रिया करून सगळ्या पेशी काढलेल्या, नुसती चौकट उरते. माझा ३ मिलिमीटर जाडीचा होता. अमेरिकेत सर्रास हाच वापरतात. दुसरी जखम नाही, मांडीचं दुखणं नाही, भुलीखालचा वेळही कमी. वरच्या फळीवरचे डबे मी आज स्वतः काढते. अण्णांचा मांडीला विरोध असेल तर त्यांच्या मनाविरुद्ध का जायचं? मी तर पॅचच्याच बाजूने आहे.

डॉ_अस्थिपंजर
वर्षाताई, तुमचा हात चालतोय हे वाचून बरं वाटलं. पण जाडीचा मुद्दा हलका नाही. मिहातांच्या गटाने मृतदेहांच्या खांद्यांवर तुलना केली तेव्हा ८ मिलिमीटरच्या पट्टीने गोळा ४ मिलिमीटरच्या पट्टीपेक्षा चांगला धरून ठेवला. फॅशिया आणि त्वचेचा पॅच शेजारी शेजारी तपासले, तर त्वचेचा पॅच चाचणीतच सुमारे १५ टक्के लांबला, फॅशिया लांबला नाही. सैल पडलेली पट्टी गोळ्याला कशी धरणार? आणि अमेरिकेतूनच २०१८ मध्ये त्वचेच्या पॅचचे ५९ पेशंट छापले गेले, त्यात ज्या २० जणांचा नंतर एमआरआय झाला त्यातल्या फक्त ९ जणांचा पॅच पूर्ण जुळला होता.

डॅलसची_वर्षा
तो पेपर माझ्या सर्जनने मला दाखवला होता डॉक्टर. बाकीच्यांचा एमआरआय झालाच नाही, त्यामुळे निम्मे पॅच फाटतात असं त्यावरून म्हणता येत नाही. एकूण गटाचं दुखणं कमी झालं आणि हात जास्त उठू लागला, हेही त्यातच आहे. दुसरं, ओसाकाचे आकडे ज्यांनी शस्त्रक्रिया शोधली त्यांच्याच हातचे. तेवढा सराव असलेला हात सगळीकडे मिळेल का?

डॉ_अस्थिपंजर
दोन्ही मुद्दे रास्त आहेत. दुसरा तर फारच महत्त्वाचा. पॅच वापरणाऱ्यांपैकी काही जण आता तो दुहेरी करून जाडी वाढवतात, तेही सांगायला हवं. तरी माझं मत बदलत नाही : मांडीची पट्टी काढण्याचा सराव असलेला सर्जन मिळत असेल तर स्वतःची पट्टी. स्वतःची असल्यामुळे शरीर ती परकी मानत नाही आणि हवी तेवढी जाड करता येते.

मुळामुठा
पॅच डुकराचा असतो असं ऐकलं. आमच्या घरी हे चालणार नाही. आई तर जिलेटिनच्या कॅप्सूलसुद्धा फोडून आतली पावडर घेते.

निवासी_डॉक्टर_सोलापूर
@मुळामुठा, डुकराच्या आतड्याच्या आवरणाचा पॅच होता खरा. शिवलेल्या कफवर जोड म्हणून तो लावायचे. २००६ मध्ये त्याची नीट चाचणी झाली. पॅच लावलेल्या १५ पैकी ४ खांदे भरले, न लावलेल्या १५ पैकी ९. काही जणांना सूज आणि दाहही झाला, म्हणून तो मागे पडला. गाईच्या कोलॅजनचा एक पातळ पॅच हल्ली मिळतो, पण तो अर्धवट फाटीवर किंवा शिवलेल्या कंडरेवर ठेवायचा असतो, अण्णांसारख्या फाटीसाठी नव्हे. वर्षाताईंचा माणसाच्या त्वचेचा. तरी घरच्यांचा धार्मिक आक्षेप असेल तर भुलीच्या आधी नव्हे, पहिल्याच भेटीत सांगा. पॅच कशाचा, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि संमतीपत्रावर ते लिहून घ्या.

मुळामुठा
धन्यवाद. आईला दाखवतो. तुमच्या उत्तराला ती डब्यातून चकली पाठवेल.

गिरणगाव
चकली आमच्याकडेही वळवा, प्रश्न आधी मी विचारला होता.

लीड्सकर
इथे इंग्लंडमध्ये मधल्या काळात फुग्याची फार चर्चा होती. वरच्या हाडाच्या आणि गोळ्याच्या मध्ये सलाइनने भरलेला फुगा ठेवतात, काही महिन्यांनी तो विरघळतो. ग्राफ्ट नको, मांडी नको. पण २४ रुग्णालयांत ११७ पेशंटवर चाचणी झाली, २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. फुगा ठेवलेल्यांपेक्षा नुसती दुर्बिणीने साफसफाई केलेल्यांचा खांदा वर्षभरानंतर जास्त बरा होता. चाचणी मुदतीआधीच थांबवली. भारतात कोणी फुगा सुचवला तर हा निकाल समोर ठेवून बोला.

कोपरगावकर
सगळे शस्त्रक्रियेवरच बोलताहेत म्हणून लिहितो. आईचा कफ असाच गेलेला, वय ७१. आम्ही काहीच कापलं नाही. फिजिओने डेल्टॉइडचे व्यायाम दिले, आधी उताणं झोपून, मग पाठीशी उशा वाढवत बसत्या अवस्थेपर्यंत. तीन-चार महिने रोज. आज वेणी स्वतः घालते. जोर नाही, पण दुखणं गेलं. अण्णांनी हे करून पाहिलंय का?

फिजिओ_अनघा
कोपरगावकरांच्या आईंना माझ्याकडून शाबासकी. वेणी घालणं म्हणजे हात वर आणि बाहेर फिरवणं, दोन्ही एकदम. सोपं नाही ते.

@तासगावची_लेक, व्यायामाचा पूर्ण कार्यक्रम आधी झाला नसेल तर आधी तो करा. ग्राफ्ट काही पळून जात नाही, आणि शस्त्रक्रिया ठरलीच तर तयार डेल्टॉइड नंतर उपयोगीच पडतो. पण अण्णांचं काम डोक्यावर हात धरून दिवसभर चालतं. तेवढ्या दमाला नुसता व्यायाम पुरेल का, हे त्यांना बघितल्यावरच कळेल.

एससीआरनंतरचं ऐका, कारण हे कोणी आधी सांगत नाही. सहा आठवडे हात उशीच्या पट्ट्यात, शरीरापासून थोडा दूर. आंघोळ, जेवण, शौच, सगळं डाव्या हाताने. त्यानंतर हळूहळू हालचाल, जोराचे व्यायाम साधारण तीन-चार महिन्यांनंतर. फॅशिया असो वा त्वचा, पट्टी हाडाला धरायला वेळ लागतोच. माझ्याकडे येणारे शेतकरी पेशंट दुखणं थांबलं की लगेच बादली उचलतात. दुखणं थांबतं ते पट्टी धरण्याच्या कितीतरी आधी.

निवासी_डॉक्टर_सोलापूर
एक महत्त्वाची गोष्ट सुटतेय. धाग्यात 'इन्फ्रास्पायनेटस अर्धवट' असं लिहिलंय. तो स्नायू हात बाहेर फिरवतो. एससीआरची पट्टी गोळ्याला खाली धरते, पण हात बाहेर फिरवायचा जोर ती देत नाही. पट्टीची मागची कड उरलेल्या इन्फ्रास्पायनेटसला शिवावी लागते, तिथे शिवायला काही शिल्लक हवं. हात बाहेर फिरवून सोडला की आपोआप आत येत असेल तर स्नायू वळवणं, म्हणजे दुसऱ्या स्नायूचं टोक इथे आणून जोडणं, हा पर्याय आहे. सर्जन गर्बर यांनी १९८८ मध्ये पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी वळवला. आता पाठीच्या ट्रॅपिझियसचा खालचा भाग वळवतात. तो खांद्यापर्यंत पोचत नाही म्हणून मधे जोड लावतात. अमेरिकेत दात्याची टाचेची कंडरा लावतात, आपल्याकडे बऱ्याचदा पेशंटच्याच गुडघ्यामागची कंडरा.

चहा_बिनसाखरेचा
म्हणजे खांदा दुखतोय म्हणून मांडी, नाहीतर गुडघा. अण्णा ऐकणार नाहीत हो!

नेरळ_लोकल
गुडघ्यावरून आठवलं. आमच्या कबड्डी संघातल्या मुलाचा गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला तेव्हाही त्याच्याच मांडीमागची कंडरा घेतली. आता पुन्हा रेड टाकतो. ती कंडरा काढल्याने फार बिघडत नाही वाटतं?

निवासी_डॉक्टर_सोलापूर
बऱ्याच जणांत जोर बऱ्यापैकी भरून येतो. एसीएलसाठी हे इतकं नेहमीचं झालंय की ती काढण्यात आपल्याकडच्या सर्जनचा हात बसलेला आहे. फॅशिया लाटा काढायचा सराव मात्र सगळ्यांना नसतो.

वसईची_सर
आपल्याकडे दात्याची त्वचा किंवा कंडरा का मिळत नाही सहज? मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक तर १९८८ पासून आहे.

डॉ_अस्थिपंजर
आहे, आणि गर्भावरणाचं पापुद्र्यासारखं आवरण, हाडांचे तुकडे यासाठी तिचं काम मोठं आहे. १९९४ च्या प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. पण मृत्यूनंतर डोळ्यांखेरीज ऊती दान करायची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. कंडरा आणि जाड त्वचा म्हणूनच दुर्मीळ. वाटतं त्यापेक्षा हा मोठा प्रश्न आहे. गावोगाव नेत्रदानाची शिबिरं होतात, तिथेच ऊतीदानाचा अर्ज ठेवला तर दहा वर्षांनी असा धागा काढणाऱ्याला निवड करायला मिळेल.

वसईची_सर
आमच्या मंडळाचं नेत्रदान शिबिर पुढच्या महिन्यात आहे. अर्जाची माहिती मिळवते आणि वेगळा धागा काढते.

कारकून_क्रमांक_एक
विम्याचं कोणी बोललं नाही. विम्याचे दावे बघतो म्हणून सांगतो. परदेशी पॅच आणि अँकर (पट्टी हाडाला धरून ठेवणाऱ्या छोट्या खुंट्या) यांचं कोटेशन आधी लेखी घ्या, टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, नावानिशी पाठवा. 'शस्त्रक्रिया मंजूर' म्हणजे पॅच मंजूर असं नसतं. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भांडण होतं ते इथेच. स्वतःच्या मांडीच्या पट्टीला मालाचा खर्च नाही, अँकरचा मात्र आहेच.

व्हॉलीबॉल_गुरुजी
माझी मांडीची पट्टी काढलेली आहे, म्हणून अण्णांशी माझंच बोलणं व्हायला हवं.

खुब्याच्या खाली मांडीच्या बाहेरच्या अंगाला वीतभर चीर आहे. पहिले दोन आठवडे खांद्यापेक्षा मांडीच जास्त दुखली, हे खरं सांगतो. कुशीवर झोपता येत नव्हतं. जिना उतरताना ओढ बसायची. अजूनही उकिडवं बसून उठलं की चिरेच्या जागी स्नायूचा छोटा फुगवटा दिसतो. डॉक्टर म्हणाले, आवरण काढल्यामुळे तो तिथून डोकावतो. दुखत नाही. मी पुन्हा पोरांना सर्व्हिस शिकवतो, खालून मारायची आणि वरूनही. जोर पहिल्यासारखा नाही, पण चेंडू जाळ्यापलीकडे जातो.

मला बायसेप्सचा तिसरा पर्यायही सांगितला होता. बायसेप्सची लांब कंडरा खांद्यातूनच जाते, ती वरून वळवून तिचीच पट्टी करायची. ना मांडी, ना पॅच. माझी ती कंडरा आधीच तुटली होती, म्हणून नाही जमलं. अण्णांची कशी आहे ते विचारून घ्या.

डॉ_अस्थिपंजर
गुरुजी, फार कामाचं लिहिलंत. ती कंडरा पातळ असते आणि गोळ्याचा पुढचा भागच झाकते, पण चांगली असेल तर स्वस्त आणि सोपी. कोरियात यावर बरंच काम झालंय.

तासगावची_लेक
सर्वांचे मनापासून आभार. मिरजेला जाऊन आले, तुमचे प्रश्न वहीत लिहून नेले होते. डॉक्टरांनी अण्णांचा हात बाहेर फिरवून सोडला, तो तिथेच थांबला. म्हणजे इन्फ्रास्पायनेटसमध्ये जोर आहे, ट्रॅपिझियस वळवायची गरज नाही. बायसेप्सची कंडरा मात्र झिजून धागे सुटल्यासारखी दिसतेय एमआरआयमध्ये. एक्स-रेत गोळा वर सरकलाय पण सांध्याची झीज नाही, त्या झिजेच्या हमाडा श्रेणीत २ लिहिलंय. म्हणून रिव्हर्स सांधा आत्ता नको, ग्राफ्ट फसला तरच, असं म्हणाले. तोवर अनघाताईंनी सांगितलेले व्यायाम सुरू केलेत, पण कात्री धरून हात टिकत नाही.

अण्णांनी गुरुजींशी फोनवर बोलायचं कबूल केलंय. आणि तंबाखू? डॉक्टर त्यावरून खूप रागावले.

फिजिओ_अनघा
रागावणारच. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो, पट्टी हाडाला धरत नाही. महिनाभर आधी बंद आणि नंतर निदान तीन महिने तरी. साखरही तपासून घ्या.

डॅलसची_वर्षा
हे सगळं वाचून मीही म्हणेन, अण्णांच्या बाबतीत मांडीच बरी. कामाचा हात आहे, पट्टी जाड हवी. माझं काम खुर्चीतलं.

व्हॉलीबॉल_गुरुजी
अण्णांशी तासभर बोललो. पहिली पंधरा मिनिटं खांदा, बाकी डॉगरीजच्या खुंटावर थॉमसनचं कलम कसं भरायचं. शेवटी म्हणाले, "मास्तर, कलम बांधल्यावर आम्ही गड्याला हात लावू देत नाही, मग माझं मीच कसं हलवीन?" सहा आठवड्यांची काळजी करू नका लेकीबाई.

तासगावची_लेक
ठरलं. मार्चमध्ये माल उतरला की मांडीची पट्टी. एप्रिलची खरडछाटणी भाऊ बघेल. तंबाखूची पुडी आईने ताब्यात घेतलीय. ऑक्टोबरच्या फळछाटणीला अण्णा मांडवाखाली उभे राहू शकतील का, एवढंच आता विचारताहेत.

डॉ_अस्थिपंजर
उभे राहतील. कात्री चालवायची की नाही ते तुमचे सर्जन तेव्हा तपासून सांगतील. सात महिन्यांत पूर्ण दिवसाचं काम मला घाईचं वाटतं. त्या हंगामात सकाळचा तासभर, बाकी देखरेख.

फिजिओ_अनघा
मांडवाची उंची आणि अण्णांची उंची कळवा. व्यायाम तेवढ्या पल्ल्याचेच बसवू.

तासगावची_लेक
मांडवाची तार सहा फुटांवर. अण्णा साडेपाच फूट.

फिजिओ_अनघा
मग हात सरळ वर न्यायची गरज नाही, कोपर खांद्याच्या थोडं वर आणि मनगट कपाळाच्या उंचीला आलं की कात्री तारेला पोचते. मिरजेहून सुट्टी मिळाली की डिस्चार्ज कार्ड घेऊन या, सर्जनने घालून दिलेल्या मर्यादा बघूनच सुरुवात करू. आणि येताना कात्री आणा, वजन बघायचंय.